गाव कोनतं?

वऱ्हाडात अनोळखी माणसाला पहिला प्रश्न येतो तो ‘गाव कोनतं?’ अकोल्याच्या जठारपेठेत वीस वर्षं काढलेला, पोरं तिथंच शिकवलेला माणूसही सांगतो, ‘आमी दर्यापूरकडचे.’ नळाला पाणी आलं नाही की तो अकोल्याच्या महापालिकेशी भांडतो. मतदार यादीतलं नाव मात्र दर्यापुरात! मतदानाच्या दिवशी एसटी पकडायची, नाहीतर घरी बसायचं. २६ एप्रिल २०२४ला अकोला आणि अमरावती या दोन्ही लोकसभा मतदारसंघांत मतदान झालं, तेव्हाही वऱ्हाडातलं ऊन काही कमी नव्हतं.

माणूस निजतो तिथला, की मन अडकलंय तिथला?

गाडगेबाबांना हे विचारलं असतं तर? जन्म १८७६चा, अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावचा. बालपण मामाकडे, मूर्तिजापूर तालुक्यातल्या दापुऱ्यात. १९०५ साली घर सोडलं. पंढरपुरात चोखामेळा धर्मशाळा उभी केली, मालकी कशावरच ठेवली नाही. २० डिसेंबर १९५६ला देह ठेवला तोही अमरावतीजवळ, वाटेत. पण विरक्त माणूस गावाशी फटकून राहतो म्हणावं, तर बाबा गावात शिरताच आधी खराटा चालवायचे, कीर्तन रात्री. ज्या गावात पाय टेकला, तिथला उकिरडा त्यांचा.

गंमत म्हणजे १९५०चा लोकप्रतिनिधित्व कायदाही मालकीला भुलत नाही. गावी वाडा आहे एवढ्यानं कुणी तिथला ‘सर्वसाधारण रहिवासी’, म्हणजे तिथल्या मतदार यादीतला, ठरत नाही. उलट तात्पुरतं बाहेर गेल्यानं नाव जातही नाही. मेळघाटातला कोरकू मजुरीला उतरतो, होळीला परततो, तो धारणीचाच. ज्याला घरच नाही, त्याच्याकडे पत्त्याचा कागद मागत नाहीत. बीएलओनं, म्हणजे मतदान केंद्रस्तरीय अधिकाऱ्यानं, रात्री, एकापेक्षा जास्त वेळा जाऊन तो खरंच तिथं निजतो का, हे पाहायचं असतं. कायद्याच्या पुस्तकात इतकी माणुसकी क्वचित सापडते.

जठारपेठेतल्या गृहस्थांचं काम त्यामानानं किरकोळ. नवं नाव घालायला नमुना ६, पत्ता बदलायला नमुना ८. ऑनलाइन भरा किंवा बीएलओकडे द्या. सोबत वीजबिल, पासबुक किंवा नोंदणीकृत भाडेकरार. दोन ठिकाणी नाव ठेवायला कायद्याची मनाई आहे, आणि अर्जात जाणूनबुजून खोटं लिहिलं तर एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. उमेदवारी अर्जांची मुदत संपली की त्या निवडणुकीपुरती यादी बंद, म्हणून घोषणेची वाट पाहत बसू नये. वसतिगृहातल्या पोरांना मात्र घरचा की वसतिगृहाचा, दोन्हींपैकी एक पत्ता निवडता येतो. कृषी विद्यापीठातल्या पोराला वाटलं, तर अकोला.

शेजारी विचारतील, ‘मंग दर्यापूर सोडलं का?’ नमुना ८ मूळ गाव विचारतच नाही. तिथं राहता पत्ता लिहायचा असतो.