दिसतंय म्हणून जवळ जायचं का?

अटलांटिक महासागराच्या मधोमध रडार नसतं. किनाऱ्यावरच्या रडारची नजर साधारण चारशे किलोमीटरवर संपते. त्यापुढे विमानं ठरावीक वेळाने रेडिओवरून किंवा डेटालिंकवरून आपली जागा कळवायची. मधल्या मिनिटांत ती कुठे असतील, हा कंट्रोलरचा हिशेबी अंदाज. म्हणून एकामागून एक जाणाऱ्या दोन विमानांत ४० सागरी मैल, म्हणजे सुमारे ७४ किलोमीटर ठेवायचे.

२०१९ मध्ये हे बदललं. इरिडियमच्या ६६ उपग्रहांवर बसवलेले एरिऑनचे रिसीव्हर विमानांचे एडीएस-बी संदेश थेट अवकाशातून ऐकू लागले. दर काही सेकंदांनी नवी जागा. मग ब्रिटन आणि कॅनडाने उत्तर अटलांटिकवर, योग्य उपकरणं असलेल्या विमानांसाठी, ते अंतर १४ सागरी मैलांपर्यंत आणलं.

मी इथे अडखळतो. नजर सुधारली, पण मिळालेली सगळी सुरक्षितता आपण शिल्लक ठेवली नाही. तिचा काही भाग लगेच खर्च केला. मी सॉफ्टवेअर लिहितो. आमच्याकडेही मॉनिटरिंग सुधारलं की कुणीतरी विचारतंच, आता एवढे जादा सर्व्हर कशाला?

प्रश्न चुकीचा नाही. जवळ उडता आलं की जास्त विमानांना हवी ती उंची मिळते, इंधन वाचतं, धूर कमी होतो. ते मोठं अंतर म्हणजे काही पुण्य नव्हतं, ती न दिसण्याची किंमत होती.

पण ते अंतर आणखी एक काम करत होतं. ज्याची कल्पनाच केली नव्हती, त्यालाही ते पोटात घ्यायचं. एडीएस-बीमध्ये उपग्रह विमानाला बघत नाही. विमान जीपीएसवरून काढलेली आपली जागा सांगतं आणि उपग्रह ती ऐकतो. जीपीएस फसलं तर आकडा चुकतो. ट्रान्सपॉन्डर बंद पडला तर काहीच ऐकू येत नाही. ८ मार्च २०१४ ला २३९ माणसांना घेऊन निघालेल्या एमएच३७० चा ट्रान्सपॉन्डर असाच गप्प झाला होता. नुसतं एडीएस-बी ऐकणारे उपग्रह तेव्हा असते, तरी त्यानंतर त्यांच्या कानावर काही पडलं नसतं.

म्हणून अंतर कमी करणं मला अनैतिक वाटत नाही. पण किती कमी करायचं हे ‘आता किती छान दिसतंय’ यावरून ठरू नये. समोरचा अचानक गप्प झाला तर सावरायला किती वेळ उरेल, यावरून ठरावं. खिडकीशी झोपलेल्या प्रवाशाला या सौद्याबद्दल कुणी विचारलेलं नसतं. त्याच्या वतीने हा प्रश्न सौदा करणाऱ्यांनीच विचारायला हवा.