मेघाचा हेतू

सोलापूरहून अक्कलकोटकडे जाणाऱ्या सडकेवरील कुंभारीच्या शिवारात पौषात शाळूच्या कणसांत दाणा भरत असतो, आणि नेमक्या त्याच दिवसांत पूर्वेकडून मळभ दाटून आले, तर ज्या आभाळाकडे शेतकरी आषाढात डोळे लावून बसला होता, तेच आता निघून जावे म्हणून तो करुणा भाकू लागतो. शाळूवर चिकटा पडेल, हरभऱ्याच्या घाट्यांत अळी शिरेल, द्राक्षवेलींवर भुरी पसरेल, ही त्याची भीती साधार असते. कारण पर्जन्यच्छायेतील या मुलखात आणेवारीच्या एका आकड्यावर गावाच्या वर्षाचा निकाल लागत आला आहे. एकाच मुखातून, एकाच श्रद्धेने निघणाऱ्या या दोन परस्परविरुद्ध प्रार्थना ऐकल्या म्हणजे प्रश्न पडतो : मेघाला काही हेतू असतो काय, आणि नसेल, तर त्याच्या नियंत्याला हाक मारण्यात अर्थ कोणता?

मेघाची घडण पाहिली तर तीत हेतू कोठेही आढळत नाही. हिवाळ्यात या पठारावर बहुधा कोरडा वारा वाहतो, आकाश निरभ्र राहते आणि रात्री जमिनीची उष्णता विनाअडथळा निघून गेल्यामुळे पहाटे कडाका पडतो. मात्र बंगालच्या उपसागरावरून ओलसर हवा इकडे वळली आणि वर चढू लागली, की वरचा दाब कमी असल्यामुळे ती प्रसरण पावते, प्रसरणात आपली उष्णता वेचते आणि दर किलोमीटरला सुमारे 10 अंश सेल्सियस इतकी थंड होत जाते. शेवटी तिच्यातील बाष्पाला पाण्याचे रूप घेणे भाग पडते. त्यासाठीही आधार लागतो. 1880 च्या सुमारास स्कॉटलंडमधील जॉन एटकिन यांनी गाळून निर्धूळ केलेल्या हवेत वाफ सोडून दाखवून दिले, की कणांवाचून धुके धरत नाही. शेतातील माती, चुलीचा धूर, समुद्राच्या लाटांतून उडालेले मीठ यांच्या अदृश्य कणांभोवती मेघबिंदू जन्मतात. आणि असे सुमारे दहा लाख बिंदू एकवटावे तेव्हा पावसाचा एक थेंब होतो.

वैशेषिकांनी कार्याची तीन कारणे मानली : समवायी, असमवायी आणि निमित्त. त्या परिभाषेत बोलायचे, तर जल हे मेघाचे समवायी कारण, जलकणांचा संयोग हे असमवायी, आणि वाऱ्याचे चढणे, हवेचे निवणे व धुळीचा कण ही निमित्ते होत. या गणनेत कोपाला वा कृपेला जागा उरत नाही हे पाहून काहींना ईश्वर आपल्या पदावरून बरतरफ झाला असे वाटते, तर काही भाविक या ज्ञानालाच भितात. दोघांचेही गृहीत एकच, की ईश्वराची सत्ता नियम मोडण्यात प्रकट होते. माझी श्रद्धा याच्या उलट आहे. वैदिक ऋषींनी ज्याला ऋत म्हटले, ते कोणाची शिफारस ऐकत नाही, म्हणूनच त्याच्या भरवशावर आश्विनात मूठभर दाणे मातीत टाकण्याचे धैर्य माणसाला होते. लहरीने येणाऱ्या मेघाखाली कोणी पेरणीच केली नसती.

तथापि नियमाची निःपक्षपाती थोरवी उपाशी पोटाला पुरत नाही, आणि कुंभारीच्या वसाहतीत बिडी वळून चूल पेटविणाऱ्या बाईला ज्वारी महागली म्हणजे ऋताचे व्याख्यान ऐकविणे हे क्रौर्य होय. मग प्रार्थनेने काय मागावे? सोलापुरात संक्रांतीच्या सुमारास भरणाऱ्या सिद्धेश्वराच्या यात्रेत वासराच्या वर्तनावरून पुढील पाऊसपाण्याची भाकणूक होते. अनिश्चिततेने गांजलेल्या समाजाची व्याकुळता तीत आहे आणि ती आदरास पात्र आहे. परंतु बाराव्या शतकातील ज्या सिद्धरामेश्वरांच्या नावाने ही यात्रा भरते, त्यांची परंपरेने जतन केलेली स्मृती तलाव खोदविणाऱ्या पुरुषाची आहे. पावसाच्या टंचाईला त्यांनी दिलेले उत्तर कुदळीचे होते, आणि ते खोदणे हीच त्यांची पूजा होती.

आज माणूस मेघाच्या निमित्तांतही शिरला आहे. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने 2018 आणि 2019 च्या पावसाळ्यांत सोलापूरभोवतीच्या ढगांत विमानातून कॅल्शियम क्लोराइडचे कण सोडले, आणि या बीजारोपणाने पाऊस सरासरीने सुमारे 18 टक्के वाढल्याचा निष्कर्ष काढला. पण आधी मेघ हवा; निरभ्र आकाशातून या विद्येलाही थेंब काढता येत नाही. मनुष्याचे कर्तृत्व निमित्ताचे आहे, मात्र निमित्तावाचून कार्य होत नाही, ही त्याची मर्यादा आणि हीच त्याची जबाबदारी. म्हणून ईश्वराकडे आपल्या शिवारापुरता अपवाद मागण्यात भक्तीची परिपूर्ती नाही. या कारणपरंपरेत माझ्या वाट्याचे काम कोणते ते मला दिसावे, आणि आभाळ फिरले त्या वर्षी शेजाऱ्याच्या घरी दाणा पोहोचविण्याचे निमित्त मला होता यावे, एवढे मागणारी प्रार्थना पौषातही खरी ठरते आणि आषाढातही.