कारण सापडत नाही तेव्हा



ज्येष्ठात कंधार तालुक्यातले आमच्या दिंडीतले एक टाळकरी भेटले. माणूस निम्मा झालेला. चार पावले चढाची आली की दम लागे, हिरड्यांतून रक्त येई, पायांवर मुंग्या चावल्यासारखे लाल ठिपके. नांदेडला रक्त तपासले. तांबड्या पेशी कमी, पांढऱ्या कमी, आणि प्लेटलेट जेमतेम वीस हजार. निरोगी माणसाला त्या दीड लाखाच्या वर असतात. लातूरला कमरेच्या हाडात सुई घालून मज्जा काढून पाहिली. मज्जा ओस पडत चालली असावी, पण कशाने ते सांगता येत नाही, असे डॉक्टर म्हणाले.

"बुवा, समदे कागद झाले, कारन काही सापडंना. गावात म्हनायलेत, मागल्या जन्माचं भोगायलास. खरं काय?"

खरे काय, ते आधी शरीरापुरते पाहू. रक्त हाडातल्या मज्जेत तयार होते. तांबडी पेशी सुमारे चार महिने जगते, प्लेटलेट आठदहा दिवस. नवी पेरणी थांबली की शेत उजाड व्हायला वेळ लागत नाही. कधी एखादे औषध बाधते, कधी विषाणू, कधी शरीराच्या राखणदार पेशीच मज्जेवर उलटतात. त्यांना आवरणारी औषधे आता आहेत. पुष्कळदा मूळ कारण हाती लागतच नाही. माळकऱ्यांनी एक मात्र ध्यानात ठेवावे. बी-बारा हे जीवनसत्त्व आपल्या आहारात दुधादह्यातूनच काय ते मिळते. ते फार घटले तर तिन्ही पेशी घटतात आणि मज्जाच गेली असे वाटते. ते इंजेक्शनने भरून येते, त्यासाठी माळ काढावी लागत नाही! आमच्या टाळकऱ्यांचे तेही तपासले. ते ठीक निघाले.

आता पापाचे. १९२८ साली ल्यूसी विल्स नावाच्या डॉक्टरीणबाई मुंबईला आल्या. गिरणगावातल्या गरीब गरोदर बायांचे रक्त आटे, पुष्कळ जणी दगावत, आणि कारण कुणाला उमगेना. बाईंनी यीस्टचा अर्क देऊन पाहिला, तो लागू पडला. १९३१ साली त्यांनी ते छापले. पण अर्कातले नेमके काय लागू पडते ते तेव्हा त्यांनाही ठाऊक नव्हते. १९४१ साली पालकाच्या पानांतून ते द्रव्य वेगळे काढले, तेव्हा त्याला फॉलिक अॅसिड हे नाव मिळाले. मधल्या काळात त्या बायांना कुणी पापिणी म्हटले असेल, तर काय खरे होते त्यात? हिरव्या भाजीची वाण होती.

कर्म आपण मानतो. पण ते स्वतःला आवरण्यासाठी. शेजाऱ्याच्या रक्ताचा कागद वाचायला नव्हे. "ठाऊक नाही" हा शब्द आपल्याला सोसत नाही, म्हणून त्या कोऱ्या जागेत आपण पाप लिहितो. डॉक्टर ठाऊक नाही म्हणाले, ते खरे बोलले.

टाळकऱ्यांचे खरे दुःख निराळेच होते. पांढऱ्या पेशी कमी, म्हणून गर्दी वर्ज्य, चंद्रभागेचे तीर्थ वर्ज्य, चिरलेल्या फळांचा प्रसादही वर्ज्य. "वारी चुकली तर जगून काय करायचं, बुवा?"

लाज वाटते, पण सांगतो. "चला, पांडुरंग सांभाळील," असे माझ्या तोंडाशी आले होते. नेम राखल्याचे समाधान मला मिळाले असते आणि जीव त्यांचा गेला असता. मग अरणचे सावता महाराज आठवले. मळा सोडून ते पंढरीला गेले नाहीत, देवच मळ्यात आला, असे आपण कीर्तनात दरसाल सांगतो. पुंडलिकाने तर देवाला विटेवर थांबवले. हे सगळे सांगणारा मी, आणि आजाऱ्याला ओढीत न्यायला निघालो होतो!

निघण्याआधी दिंडीतल्या पाच जणांनी नांदेडला रक्त दिले. दोघे भाऊही बाह्या सारून पुढे झाले, पण डॉक्टरांनी त्यांना थांबवले. सख्ख्या भावाची मज्जा जुळण्याचा संभव चारात एक; पुढे ती घ्यायची वेळ आली, तर आज त्याचे रक्त घेतल्याने शरीर ती नाकारण्याचा धोका वाढतो. असे मज्जारोपण आपल्याकडे मुंबईच्या टाटा रुग्णालयात १९८३ साली सुरू झाले. भाऊ खट्टू झाले. द्यायला आलो आणि थांबा म्हणतात. थांबणे हेही देणेच आहे, हे त्यांना पटायला दोन दिवस लागले.

कारण अजून सापडलेले नाही. दशमीच्या रात्री पंढरीहून त्यांना फोन लावला आणि भजन ऐकवले. पलीकडून त्यांचा टाळ ऐकू आला. हाताला लागून रक्त साकळू नये, म्हणून अगदी हळू वाजवीत होते.