मालक की अमीन?

धंद्यात नेतृत्व कशाला म्हणावे? ज्याचा गल्ला मोठा तो नेता, की ज्याच्या शब्दावर गिऱ्हाईक, भागीदार आणि कामगार विसंबून राहतात तो? आम्ही वर्धा जिल्ह्यात उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकवतो. आमचे कित्येक विद्यार्थी शाळा सुटताच फळांच्या गाडीवर, वेल्डिंगच्या दुकानात, गॅरेजमध्ये जातात. पुढे त्यांच्यातलाच एखादा मालक होतो आणि त्याच्या हाताखाली दोन पोरे येतात. नेतृत्वाचा प्रश्न त्या दिवसापासून सुरू होतो. म्हणून तो केवळ बड्या कारखानदारांचा नाही, आपल्या मोहल्ल्याचाही आहे.

या प्रश्नाचे एक उत्तर वर्ध्यातच एका व्यापाऱ्याने जगून दाखवले. जमनालाल बजाज यांचा जन्म 1889 चा, राजस्थानातील सीकरजवळचा. वर्ध्याच्या सेठ बच्छराजांच्या घरी ते दत्तक आले. सतराव्या वर्षी, समारंभाला दागिने घालण्यावरून बच्छराज रागावले, तेव्हा संपत्तीवरचा सारा हक्क सोडत असल्याचे पत्र लिहून ते अंगावरच्या कपड्यांनिशी घराबाहेर पडले. त्यांची समजूत घालून त्यांना परत आणावे लागले. पुढे तीच संपत्ती हाती आली; पण जी एकदा सोडली ती पुन्हा पूर्णपणे ‘माझी’ झाली नाही. 1921 मध्ये त्यांनी इंग्रज सरकारची रायबहादूर पदवी परत केली. 1928 मध्ये घराण्याचे लक्ष्मीनारायण मंदिर दलितांसाठी खुले केले आणि स्वतःच्या समाजाचा रोष ओढवून घेतला. व्यापार नात्यागोत्यावर आणि पतीवर चालतो. अशा माणसाला बिरादरीचा रोष किती महाग पडतो, हे दुकानदाराला सांगायला नको. 1942 मध्ये त्यांचे निधन झाले तेव्हा गांधीजींनी लिहिले की, श्रीमंतांनी विश्वस्त व्हावे असे आपण म्हणत असू तेव्हा मुख्यतः हाच व्यापारी आपल्या डोळ्यांसमोर असे.

विश्वस्त हा शब्द आपल्याला परका नाही. आपल्याकडे त्याला अमीन म्हणतात. माल अल्लाहचा, आपण राखणदार, हे आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. प्रश्न त्याच्या पुढचा आहे. राखणदाराचीच नियत फिरली तर? श्रीमंत हे गरिबांचे विश्वस्त, ही कल्पना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 1945 मधील आपल्या ग्रंथात साफ धुडकावून लावली. त्यांचा आक्षेप आपल्याला टाळता येणार नाही. जमनालालजींसारखा एखादा निघतो. बाकीच्यांच्या कामगारांनी कोणाच्या भरवशावर राहायचे?

आम्हाला वाटते, याचे उत्तर अमानतीच्या जोडीला हिशेब ठेवण्यात आहे. कुरआनातील सर्वांत दीर्घ आयत, सूरे बकराची 282 वी, उधारीच्या व्यवहाराविषयी आहे. व्यवहार लिहून ठेवा, साक्षीदार घ्या, रक्कम लहान असली तरी कंटाळू नका, असा तिचा आशय आहे. हा आदेश ईमानवाल्यांना उद्देशून आहे, हे ध्यानात घ्यावे. माणूस नेक आहे म्हणून लिखापढी नको, असे तेथे मानलेले नाही.

आपल्या दुकानांत काय चालते? शागीर्द म्हणून आलेल्या पोराचा पगार ठरलेला नसतो. ‘घरचाच मुलगा आहे’ म्हणून आठवड्याला काही रुपये हातावर ठेवले जातात, ईदला कपडे केले जातात, आईच्या आजारपणात मदत होते. मालक मनाने वाईट नसतो. पण पोराला आपला हक्क किती आणि मालकाची मेहेरबानी किती, हे कधीच कळत नाही. जे कळत नाही ते मागता येत नाही. काही जण रमजानमध्ये याच पोराच्या हातावर जकात ठेवतात आणि मजुरीची बाकी मनातल्या मनात फेडून टाकतात. जकात मजुरीच्या बदल्यात देता येत नाही, हे आपल्या उलेमांनी स्पष्ट सांगितले आहे.

इमाम अबू हनीफा कूफ्याचे कापडाचे व्यापारी होते. त्यांची एक हकीकत सांगितली जाते. एका कापडात दोष होता; विकताना गिऱ्हाइकाला तो दाखवावा, असे त्यांनी भागीदाराला बजावले. भागीदार विसरला. गिऱ्हाईक सापडेना, तेव्हा इमामसाहेबांनी त्या मालाची सारी रक्कम खैरात केली. चूक भागीदाराची होती, पण ‘मी विकलेच नाही’ असे ते म्हणाले नाहीत. दुकानाच्या नावावर जे घडते त्याचा जबाब मालकानेच द्यायचा, हा नेतृत्वाचा पहिला धडा आहे.

आणि तो जबाब मागण्याची सोय सर्वांत लहान माणसालाही असली पाहिजे. पगार ठरलेला आणि लिहिलेला असावा, भागीदारीचा कागद व्हावा, वही मागेल त्या भागीदारासमोर उघडावी. यासाठी मोठे भांडवल लागत नाही, बारा आण्यांची वही पुरत असे तेव्हाही हे शक्य होते. मालक दिलदार असला तर उत्तमच. पण ज्याच्या दुकानातला पोरगा मान वर करून ‘उस्ताद, माझे किती झाले?’ असे विचारू शकतो आणि ज्याला त्याचा राग येत नाही, त्यालाच आम्ही अमीन म्हणू.