परक्या दाराशीं साक्ष

गेल्या पावसाळ्यांत आमच्या एका जुन्या विद्यार्थ्याकडून अमेरिकेहून एक पत्र आलें, आणि त्याच्यासोबत दुसरेंही एक आलें, जें आम्हींच लिहिलें होतें. म्हणजे खालीं नांव आमचें छापलें होतें व सहीसाठीं रेघ सोडली होती. मजकूर मात्र तिकडील एका वकिलाच्या कचेरींत तयार झाला होता. त्या मजकुराप्रमाणें आमचा हा विद्यार्थी आपल्या विषयांतील अगदीं शिखरावर पोहोंचलेल्या थोडक्या लोकांपैकीं एक असून, तीस वर्षांच्या अध्यापनांत त्याच्या तोडीचा दुसरा विद्यार्थी आम्हीं पाहिलेला नव्हता. विद्यार्थी खरोखरच चांगला होता. परंतु त्याच वर्गांत, त्याच्याच बाकावर, त्याच्याहून सरस असा एक मुलगा बसत असे, ही गोष्ट वकिलास ठाऊक नव्हती, आम्हांस होती.

या पत्राचें कारण असें. अमेरिकेंत कायमचें राहण्याचा परवाना, ज्यास सर्वजण ग्रीन कार्ड म्हणतात, तो नोकरीच्या मार्गानें मिळवावयाचा तर दर वर्षीं वांटल्या जाणाऱ्या परवान्यांपैकीं शेंकडा सातांहून अधिक परवाने कोणत्याही एका देशांत जन्मलेल्यांच्या वांट्यास सामान्यतः येऊं शकत नाहींत. १९९० च्या कायद्यानें ठरविलेली ही मर्यादा चिमुकल्या बेटास व हिंदुस्थानास सारखीच लागू आहे. त्यामुळें आपल्याकडे जन्मलेल्या माणसांची रांग वर्षांची न राहतां दशकांची झाली आहे. ‘असाधारण योग्यता’ म्हणून जें एक सदर आहे, त्याची रांग त्यामानानें आंखूड. तेव्हां जो तो असाधारण होऊं पाहतो, व त्याला तसा करून दाखविणें हें वकिलाचें काम होऊन बसतें. आमच्या विद्यार्थ्यास घाई आहे ती मुलीसाठीं. ती दोन वर्षांची असतांना तिकडे गेली. एकविसावें वर्ष ओलांडलें कीं बापाच्या अर्जावर विसंबून राहण्याचा तिचा हक्क साधारणतः संपतो, आणि जो देश तिला आठवतही नाहीं, त्या देशास ती ‘परत’ येण्यास पात्र ठरते. त्यानें लिहिलें होतें, ‘सर, नुसती सही हवी आहे. असेंच लिहावें लागतें.’

खोटे दाखले व खोट्या नोकऱ्या यांच्या जोरावर व्हिसा मिळवून देणारे दलाल आपल्याकडे गांवोगांवीं आहेत. त्यांच्याविषयीं येथें लिहिण्याचें प्रयोजन नाहीं. ती उघड लबाडी आहे, व लबाडींत विचार करण्यासारखें फारसें कांहीं नसतें. आमच्यापुढें आलेला प्रश्न निराळा आहे. परक्या देशाचें दार ठोठावणाऱ्या मनुष्यास त्या दारावर जी भाषा लिहिली असेल तीच बोलावी लागते. ती भाषाच जर अन्यायाची असेल, तर ती बोलणारा अर्जदार, त्यास ती शिकविणारा कायदेपंडित, आणि ‘हा बोलतो तें खरें’ म्हणून सही ठोकणारा साक्षीदार, या तिघांकडे त्या अन्यायाचा कितीसा वांटा येतो?

हा विचार करतांना आम्हांस शंभर वर्षांमागील एक खटला आठवतो. अमेरिकेच्या नागरिकत्वाचा पहिला कायदा १७९० चा. त्यानें परदेशीयांपैकीं फक्त ‘स्वतंत्र गोऱ्या’ माणसास नागरिक होण्याची मुभा दिली. १८७० सालीं आफ्रिकन वंशाच्या लोकांसही ती मिळाली. आशियांतून गेलेला मनुष्य या दोहोंच्या मध्यें कोठें तरी लोंबकळत राहिला. १९१० सालीं मुंबईकडील भिकाजी बलसारा नांवाच्या पारशी गृहस्थास न्यूयॉर्ककडील न्यायालयानें गोरा ठरवून नागरिकत्व दिलें. पुढें कोठें हिंदी मनुष्य गोरा ठरे, कोठें न ठरे. न्यायाधीश बदलला कीं कातडीचा रंग बदले. अखेर भगतसिंग थिंड या अमृतसरकडील शीख गृहस्थाचा खटला वॉशिंग्टनच्या सर्वोच्च न्यायालयांत पोहोंचला. हा मनुष्य पहिल्या महायुद्धाच्या वेळीं अमेरिकेच्या सैन्यांत होता व तेथून सन्मानानें मुक्त झाला होता. एवढ्यानें काम भागावें असें आपणांस वाटतें. कायद्यास तसें वाटलें नाहीं. कायद्याचा प्रश्न एकच होता: हा गोरा आहे काय?

थिंडच्या वकिलांनीं जें उत्तर दिलें तें लक्षपूर्वक पाहण्यासारखें आहे. ‘गोरे’ या शब्दावर कायदा बांधणें हेंच अयोग्य, असें ते म्हणाले नाहींत. तसें म्हटलें असतें तर त्या न्यायासनापुढें खटला त्याच क्षणीं संपला असता. त्यांनीं म्हटलें कीं, आमचा अशील उच्च जातीचा हिंदु आहे, म्हणून आर्य आहे, म्हणून त्या काळच्या वंशशास्त्राप्रमाणें कॉकेशियन आहे, आणि म्हणून गोरा आहे. रक्त शुद्ध राहिलें कशावरून? तर जातीबाहेर लग्न करावयाचें नाहीं या कडक निर्बंधावरून. आपल्या देशांतील मूळच्या खालच्या लोकांशीं शरीरसंबंध करण्याविषयीं उच्चवर्णीयास जी किळस वाटते ती, अमेरिकन गोऱ्यास निग्रोविषयीं वाटते तशीच आहे, अशा अर्थाचें विधानही त्या कैफियतींत होतें. ज्या पंथाच्या गुरूंनीं जातिभेद अमान्य केला, त्या पंथांत जन्मलेल्या मनुष्याच्या वतीनें हें बोललें गेलें.

आतां याच्या शेजारीं दुसरी एक गोष्ट ठेवूं. थिंडचा निकाल १९२३ च्या फेब्रुवारींतला. त्यापूर्वीं सात वर्षें, १९१६ च्या मे महिन्यांत, त्याच देशांत, न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठांत, भीमराव आंबेडकर या पंचविशींतल्या विद्यार्थ्यानें हिंदुस्थानांतील जातींवर एक निबंध वाचला होता. त्यांत त्यांनीं दाखविलें कीं, जातीचें मर्म जातींतल्या जातींत लग्न करण्याच्या बंधनांत आहे. एका जिनसी समाजाचे या बंधनानें कुंपणें घालून तुकडे पाडले गेले. म्हणजे जें कुंपण एकानें समाजाचें दुखणें म्हणून बोट ठेवून दाखविलें, तेंच दुसऱ्यांनीं सात वर्षांनीं पात्रतेचा पुरावा म्हणून न्यायालयांत दाखल केलें. महाडच्या तळ्यावर ज्यांना पाणी नाकारलें जात होतें, त्यांना वॉशिंग्टनमधील या खटल्याची गंधवार्ताही नसेल; पण त्यांचा अपमान तेथें एका अर्जास जोडलेल्या दाखल्यासारखा सादर झाला होता.

आणि गंमत अशी कीं, तो चालला नाहीं. तीनच महिन्यांपूर्वीं त्याच न्यायालयानें एका जपानी गृहस्थास ‘गोरा म्हणजे कॉकेशियन, व तुम्ही तसे नाहीं’ म्हणून परत पाठविलें होतें. आतां कॉकेशियन म्हणविणारा समोर आला, तेव्हां शास्त्रास बाजूस सारून न्यायालय म्हणालें कीं, सामान्य मनुष्य ज्यास गोरा समजतो तोच गोरा. जातीच्या निर्बंधांनीं रक्त निर्भेळ ठेवलें, हेंही त्यास पटलें नाहीं. दोन्ही निकाल लिहिणारे न्यायमूर्ति सदरलंड स्वतः इंग्लंडांत जन्मलेले, म्हणजे बाहेरूनच आलेले होते, हें जातां जातां सांगून ठेवतों.

कोणी म्हणेल, बुडत्यानें काडी धरतांना तिचें कुळ विचारीत बसावें काय? वकिलाचा धर्म अशिलास तारण्याचा. जग सुधारण्याचा नव्हे. हें म्हणणें आम्ही हलकें लेखीत नाहीं. ज्याचें घर, ज्याची जमीन, ज्याची उपजीविका एका शब्दाच्या अर्थावर टांगलेली आहे, त्याला काठावरून तत्त्वज्ञान सांगणें सोपें असतें. तरी दुसऱ्या एका खटल्याकडे पाहिलें म्हणजे असें दिसतें कीं, कायद्याच्या भाषेंतही बोलण्याचे प्रकार दोन आहेत.

सखाराम गणेश पंडित हें नांव आपल्या कानांस घरचेंच वाटतें. या गृहस्थांस १९१४ सालीं कॅलिफोर्नियांत नागरिकत्व मिळालें होतें, तेंही अर्थात ‘गोरे’ म्हणूनच, कारण दुसरें दार नव्हतेंच. १९१७ सालीं ते तेथें वकील झाले. पुढें एका अमेरिकन स्त्रीशीं त्यांनीं विवाह केला. थिंडच्या निकालानंतर सरकारनें पूर्वीं नागरिक झालेल्या हिंदी लोकांचीं नागरिकत्वें रद्द करण्याचा सपाटा लावला, तेव्हां त्यांच्यावरही दावा आला. या वेळीं मात्र पंडितांच्या बचावाचें मुख्य सूत्र रक्ताचें नव्हतें. त्यांचें म्हणणें थोडक्यांत असें होतें: तुमच्या न्यायालयानें मला शब्द दिला, त्या शब्दावर विसंबून मी आयुष्य बांधलें, माझी वकिली, माझी मालमत्ता, माझ्या पत्नीचें नागरिकत्व हें सारें त्या शब्दावर उभें आहे, आतां तो शब्द परत घेणें न्यायाचें नाहीं. १९२६ सालीं वरिष्ठ न्यायालयानें निकाल त्यांच्या बाजूनें दिला. एकदा होऊन गेलेला व अपिलावांचून कायम झालेला निवाडा, पुढें कायद्याचा अर्थ बदलला म्हणून उखडतां येत नाहीं, असा त्याचा रोख होता. १९२७ सालीं सर्वोच्च न्यायालयानें त्यांत हात घालण्याचें नाकारलें, व अशा प्रकारचे उरलेले दावे सरकारनें पुढें सोडून दिले.

या दोन कैफियतींतील अंतर आम्हांस फार मोठें वाटतें. पहिलींत मनुष्य म्हणतो, ‘मी तुमच्यासारखा आहे, त्यांच्यासारखा नाहीं.’ दुसरींत तो म्हणतो, ‘तुम्हीं बोललां होतां.’ पहिली जिंकली तरी कोणाला तरी खालीं ढकलून जिंकते. दुसरींत कोणीच खालीं जात नाहीं. उलट बोलणाऱ्या राज्याचीच किंमत वाढते.

येथेंच हा लेख संपविला असता तर आमचें मन स्वस्थ झालें असतें. पण एक गोष्ट आड येते. ‘तुम्हीं शब्द दिला होता’ असें ज्याला शब्द मिळाला आहे तोच म्हणूं शकतो. पंडित दाराच्या आंत होते. थिंडचें नागरिकत्व पहिल्यापासूनच वादांत होतें, आणि जो अजून बोटीवर होता त्याच्या हातीं तर कांहींच नव्हतें. १९१७ च्या कायद्यानें आशियाच्या बहुतेक भागांतून येणाऱ्यांस दारच बंद केलें होतें. उदात्त कैफियत ही बहुधा ज्याच्यापाशीं पूर्वींचें कांहीं शिल्लक आहे त्याची मिरास असते. रित्या हाताच्या माणसास दारावरचीच भाषा बोलावी लागते. आणि आंत असलेल्या सर्वांनाही ती लाभली असें नाहीं. सॅनफ्रान्सिस्कोचे वैष्णोदास बगाई १९२१ सालीं नागरिक झाले होते. त्यांचें नागरिकत्व काढून घेण्यांत आलें, मायदेशीं भेटीस जाण्यासाठीं अमेरिकेचा पासपोर्टही मिळेना, आणि १९२८ सालीं या गृहस्थानें पत्नी व तीन मुलें मागें ठेवून आपल्या हातानें जीवन संपविलें. इंग्रजांचें राज्य नको म्हणून जो मनुष्य घर विकून निघाला, त्याला पुन्हा इंग्रजांची प्रजा म्हणून पासपोर्ट घ्या असें सांगण्यांत आलें होतें. बगाईंच्या वकिलानें कोणतीही कैफियत लिहून, अगदीं जातीची कां होईना, त्यांना वांचविलें असतें, तर तिच्यावर बोट ठेवण्याचें धैर्य आम्हांस झालें असतें काय? नसतें झालें.

थिंड यांना अखेर १९३६ सालीं नागरिकत्व मिळालें. माजी सैनिकांसाठीं आदल्या वर्षीं झालेल्या कायद्यानें तें दिलें. त्यांत आर्यत्वाचा संबंध नव्हता, सैन्यांतील नोकरीचा होता. जी गोष्ट आपणांस पहिल्या दिवशीं पुरेशी वाटली, तिला कायद्याच्या भाषेंत जागा होण्यास एवढीं वर्षें लागलीं. १९४६ सालीं हिंदी लोकांस दार उघडलें तेंही वर्षाला शंभर माणसांपुरतें. रंगाची अट १९५२ सालीं व वंशाचे कोटे १९६५ सालीं गेले. पण जन्मभूमीचा हिशेब अद्याप आहेच, आणि आमच्या विद्यार्थ्याची रांग त्याच हिशेबाची आहे.

अर्जदार गरजेनें बोलतो, वकील धर्म म्हणून बोलतो. तिसऱ्याचें, म्हणजे साक्षीदाराचें, काय? आम्हांस कोठें जावयाचें नाहीं. आमची पेन्शन दरमहा येते. पहिल्या दोघांपाशीं जी सबब आहे ती आमच्यापाशीं नाहीं. उलट पक्षीं, जिला कोठेंच जावें लागत नाहीं अशी सचोटी फार स्वस्त असते हेंही खरें, आणि तिची किंमत त्या एकोणीस वर्षांच्या मुलीनें द्यावी हें आमच्या जिवास लागतें. धर्मराजानें अश्वत्थाम्याविषयीं जें अर्धें मोठ्यानें व अर्धें हळू सांगितलें, त्यामागें निदान एक युद्ध होतें. आमच्यापुढें एक फॉर्म होता.

आठ दिवस तो कागद मेजावर पडून होता. नंतर ‘त्याच्या तोडीचा दुसरा पाहिला नाहीं’ हें वाक्य आम्हीं खोडलें, व त्याच्या जागीं आम्हीं पाहिलेलें लिहिलें: हा मुलगा अडलेला प्रश्न रात्रभर सोडीत नसे, दुसऱ्या वर्षीं त्यानें आमचीच एक चूक भर वर्गांत, पण नम्रपणें, दाखविली होती, आज त्याच्या हातून झालेलें काम आम्ही समजून घेऊं शकतों तेवढ्यापुरतें तरी पहिल्या प्रतीचें आहे. दीड पान झालें. सही केली व पाठवून दिलें.

चार दिवसांनीं त्याचा फोन आला. वकिलाच्या मतें पत्र पूर्वींइतकें जोरकस राहिलें नव्हतें, पण चालेल असें तो म्हणाला. रागावला नव्हता. थोडा वेळ इकडचें तिकडचें बोलून त्यानें विचारलें, ‘सर, तें वाक्य कोणामुळें काढलेंत?’ आम्हीं नांव सांगितलें. तो हंसला. म्हणाला, ‘वाटलेंच. त्याच्या वह्या मी उतरून घेत असें. आतां तो कोठें असतो?’ तालुक्याच्या शाळेंत शिकवितो, असें आम्हीं सांगितलें, आणि त्यानें मागितला म्हणून त्याचा नंबर दिला. अर्जाचा निकाल अजून लागावयाचा आहे.