पुन्हा दिलेला मुलामा खोटा का?



जुने सोनेरी काडीचे गॉगल हल्ली पुन्हा हौसेने वापरले जातात. अमेरिकेतल्या बॉश अँड लॉम्ब कंपनीने १९३७ साली रे-बॅन एव्हिएटर बाजारात आणले. त्यांच्या कित्येक जुन्या फ्रेमवर सोन्याचा पातळ थर असतो, आत साधा धातू. घामाने नाकाच्या पॅडजवळ हिरवट मळ साचतो. कोमट पाणी, दोन थेंब सौम्य साबण आणि मऊ ब्रश, एवढ्याने तो बराचसा निघतो. पण चमक हवी म्हणून टूथपेस्टने घासलं, तर मळाबरोबर सोनंही जातं. गेलेलं सोनं घासून परत येत नाही. काचा काढून, फ्रेम स्वच्छ करून, विजेच्या साहाय्याने नवा थर चढवावा लागतो.

मग प्रश्न पडतो, असा मुलामा म्हणजे खोटेपणाच नाही का?

आपण पितळी पातेल्याला कल्हई करतोच ना? कल्हई असली तरच त्यात आमटी करतो. तिला कोणी ढोंग म्हणत नाही. हां, नवा मुलामा दिलेली फ्रेम "मूळचीच आहे" म्हणून विकली, तर ते खोटं. म्हणजे खोटेपणा थरात नसतो, बोलण्यात असतो.

राग गिळून आपण घरात गोड बोलतो, तेव्हाही मनात येतं, हे ढोंग तर नव्हे? नाही. संयमही वापराने झिजतो, तो पुन्हा पुन्हा चढवावा लागतो. फक्त "आम्हाला राग येतच नाही" असं मिरवू नये. आणि दुसऱ्याचा मळ काढताना हात हलका ठेवावा.

तुम्हाला काय वाटतं? घरी सगळे बसून जरूर बोलूया.