त्याच्या चालीनं



आषाढवारीत तुकोबांची पालखी बारामतीहून काटेवाडीला येते. धोतरांच्या पायघड्या पडतात. पालखीभोवती मेंढ्यांचं रिंगण होतं. पुढं बेलवाडी, निमगाव केतकी, मग इंदापूर. रस्त्याकडेला बापाच्या खांद्यावर बसलेलं लेकरू डोळे मोठे करून बघतं. मेंढ्या दिसल्या, की त्याला खाली उतरायचं असतं.

नुकतंच चालायला लागलेलं पोर. दोन पावलं टाकतं, बसतं. खडा उचलतं. तो तोंडात जायच्या आत आई झडप घालते! आपण म्हणतो, चल लवकर. पण घाई आपली असते. त्याला तो खडाच पुरेसा असतो. थोडं त्याच्या चालीनं चाला.

पूर्वी घरोघरी पांगुळगाडा असायचा. लाकडी, तीन चाकांचा. लेकरू तो धरून उभं राही आणि ढकलत पुढं जाई. मोठी माणसं मागं, हात जवळ ठेवून. मला त्या हातांचं फार कौतुक वाटतं. धरायचं नाही, पण लांबही जायचं नाही. हे अवघड आहे. थकलेल्या वडिलांसोबत देवळात जातानाही ते अवघडच असतं.

शेजारचं पोर आधी चाललं, आधी बोललं, म्हणून आपण झुरतो. काळजी वाटली तर डॉक्टरांना जरूर विचारा. शेजारणीला नको. एरवी त्याच्या चालीनं चाला.

आज उसाला पाणी द्यायचं असेल, एसटी गाठायची असेल. तरी चप्पल त्याची त्याला घालू द्या. डावी उजव्या पायात गेली, तर जाऊ द्या.